दहा सेकंदांच्या आतलं रोहणा

३ डिसेंबर

आज सेलूला बाबांनी फुकटचं प्यादं सोडलं. लिहूनही खरं वाटत नाही.

जेवणं आटोपली, अंगणात उन्हात खाट टाकली, मधे टॅब. बुद्धिबळाचा दहा मिनिटांचा डाव, टॅबातल्या नेहमीच्या प्रोग्रामशी, पातळी मधली. बाबा झकास खेळले. उन्हाळ्यात झटका आल्यापासून बोलणं तुटक झालंय, पण पटावर बसले की अजून मास्तरच. शेवटी यांच्याकडे राजा आणि हत्ती, त्याच्याकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं हत्तीच्या तोंडात. घड्याळात नऊ सेकंद. बाबांनी हत्तीला हातच लावला नाही. राजा एक घर पुढे. पुन्हा राजा. पुन्हा राजा. तिकडे प्यादं चालत चालत शेवटच्या घरात पोचलं, वजीर झालं, डाव गेला.

"बाबा, प्यादं फुकट होतं!" मी ओरडलेच.

त्यांनी टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिसलं," म्हणाले. आणि मग, "चाय मांड."

दुसरा डाव. तेच. अगदी तेच.

चुलीपुढे नाही, गॅसपुढे उभी राहून रडले. चहा उतू गेला. डाव संपला की टॅब गुण दाखवतो, सुरुवात चांगली, मध्य चांगला, शेवट फार वाईट. त्याचा फोटो काढून सवयीने दादाला पाठवला.

५ डिसेंबर

पुण्याहून दादाचा फोन, कॉलेजात माझा तास चालू असतानाच. दोनदा कापला, तिसऱ्यांदा घेतला.

त्याने ठरवलंय. अठ्ठावीसला येतो, तीसला बाबांना घेऊन जातो. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्यांचं केंद्र आहे, विसरभोळ्या लोकांसाठी वेगळा मजला. सेलूचं घर बंद करायचं. "आई गेल्यापासून तिथे एकटे राहतात, आता हे. उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर?"

मी म्हटलं, अरे, एक प्यादं सोडलं त्यांनी.

"एक? ज्योती, जूनपासून दर रविवारी तूच फोटो पाठवतेस. मी सगळे एकाखाली एक लावले. सुरुवात तशीच, मध्य तसाच, शेवट कोसळलेला. हे मी नाही, तू दाखवलंयस."

हो, मीच पाठवले. कौतुकाने पाठवत होते, बघ, म्हातारा अजून खेळतो. आणि त्याचाच पुरावा झाला. बाबा सेलू सोडून आठ दिवस जगायचे नाहीत हे दादाला कळत नाही का? आईच्या तेराव्यानंतर माझ्याकडे वर्ध्याला आणलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन जिन्यात बसलेले. तीन मजले उतरवेनात म्हणून तिथेच थांबलेले.

९ डिसेंबर

शनिवारच्या सामन्यात ठेंगू हरला. हरतो तो, त्याचं काही नाही. कसा हरला ते पाहून मात्र मी खुर्चीतून उठले.

ठेंगू माझा सहा वर्षांचा उपद्व्याप, मी लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. घरगुती प्रोग्रामांची आपसातली ऑनलाइन स्पर्धा असते, त्यात खालून चौथा. बायका विचारतात, तुझं कोणी नाही का गं? ठेंगू आहे ना, सहा वर्षांचा, असं सांगावंसं वाटतं.

आज त्याच्याकडे राजा, हत्ती. समोर राजा आणि एक प्यादं. प्यादं फुकट. घड्याळात सात सेकंद. ठेंगूने मारलं नाही. राजा चालवला. पुन्हा राजा. प्यादं वजीर झालं.

सेलूचं अंगण, खाट, बाबांचा हात. डाव वेगळा, पण चूक तीच, डोळ्यांसमोर, माझ्याच लॅपटॉपवर. सामना संपल्यावर समोरच्या पोलंडवाल्याने हसरा चेहरा पाठवला. मी लॅपटॉप मिटून पाणी प्यायले.

१० डिसेंबर

सकाळपासून तेच, रविवार असून सेलूलाही गेले नाही. कालचा पट पुन्हा मांडला आणि फक्त घड्याळ बदलत गेले. तीस सेकंद दिले, मारतो. वीस दिले, मारतो. अकरा, मारतो. नऊ, सोडतो. वीस वेळा केलं, वीस वेळा तेच.

मग समोर दोन प्यादी ठेवली. नऊ सेकंदांत एक गपकन मारलं, दुसरं सोडलं. तीन ठेवली, दोन मारली, तिसरं सोडलं. घोडा ठेवला, उंट ठेवला, तरी तेच. कितीही असोत, शेवटचं एक सोडतो. चूक असती तर कधी घडली असती, कधी नसती. हा तर नियमच पाळतोय. मी न घातलेला नियम.

वेळ असली की ठेंगू मोजतो. ही चाल, मग ती, मग ती, जमेल तितकं खोल. वेळ सरली की खोल जाता येत नाही, दहा-बारा चालींपुढची मात त्याला दिसतच नाही. मोठे प्रोग्राम अशा वेळी तयार तक्ते उघडतात, त्यात शेवटचे डाव आधीच सोडवून ठेवलेले असतात. आमच्या घरगुती स्पर्धेत त्या तक्त्यांना बंदी आहे. म्हणून मी त्याला दुसरं काहीतरी दिलं होतं. दहा सेकंदांच्या खाली मोजणं बंद आणि बाबांच्या वह्या सुरू.

बाबांच्या वह्या. जेवण राहिलं आज.

११ डिसेंबर

रजा टाकली. माळ्यावरून तिन्ही वह्या काढल्या. लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या. चाळीस वर्षांत बाबांनी जमवलेले शेवटचे डाव, तीनशेच्या वर, प्रत्येकाचा पट पट्टीने आखलेला, खाली निकाल. 'पूर्ण' किंवा 'अर्धा'. दोन उन्हाळे बसून मी ते टाइप केले. पूर्ण म्हणजे जिंकला, अर्धा म्हणजे बरोबरी. त्यावरून ठेंगू शिकला, कुठला पट हवासा आणि कुठला नको.

आज पहिल्यांदा वाचल्या. टाइप करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे मी पोरांना रोज सांगते.

पहिल्या वहीत चाळीसेक पट असे आहेत की समोर नुसता राजा, एकटा, आणि आपल्याकडे हत्ती, वजीर, वाटेल ते. सगळ्यांखाली 'अर्धा'. एकट्या राजाविरुद्ध हत्ती म्हणजे बरोबरी? हत्तीने मात कशी करायची हे मला सात वर्षांची असताना बाबांनीच शिकवलंय, याच हाताला धरून!

आणि आणखी एक. कितीतरी ठिकाणी प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर वजीर न होता घोडा झालंय, उंट झालंय. मी तेव्हा समासात 'वा!' असं लिहून ठेवलंय. बाबांची खोल चाल वाटली होती मला. आता पाहिलं तर घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडा, उंटाच्या घरातलं उंट. प्रत्येक वेळी. खोल चाल कसली, हाही नियमच.

म्हणजे हा खेळच वेगळा आहे. मी सहा वर्षं ठेंगूला भलताच खेळ शिकवला.

१३ डिसेंबर

सेलू. पहिली वही बाबांच्या मांडीवर ठेवली. पानावरून हात फिरवला त्यांनी, जसा माझ्या डोक्यावरून फिरवतात.

"बाबा, हे अर्धा काऊन?"

तोंड उघडलं. शब्द येईना. ओठ हलले, मान हलवली, खाटेच्या लाकडावर मूठ आपटली. झटक्यानंतर हे असं होतं. शब्द आत उभा असतो आणि दार सापडत नाही. मी पाणी दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, "तुकारामले इचार."

तुकारामकाका रोहण्याचे. बाबांचं गाव ते. मी शेवटची गेले तेव्हा दहावीत होते.

१५ डिसेंबर

पुलगावला उतरून आर्वीच्या गाडीने रोहणा. तुकारामकाका अंगणात कापसाच्या ढिगाशी बसून कवडी, म्हणजे डागी कापूस, वेगळी काढत होते. ऐंशीच्या पुढचे, कानाने कमी.

"मास्तरची पोट्टी? थे बुद्धिबळवाली? ये माय, बस. बाप कसा हाये तुवा?"

सांगितलं. मग वही दाखवली, बोट ठेवलं 'अर्धा'वर. म्हातारा हसायलाच लागला.

"बुर्जी होय थे! तुले बापानं बुर्जी नाई शिकवली?"

आत जाऊन कापडाचा पट आणला. चौकटी हाताने शिवलेल्या, मोहरी लाकडाची, झिजलेली. मांडून दाखवलं. देशी डाव. समोरच्याचं सगळं मारून टाकलं, राजा एकटा उरला, की बुर्जी. डाव तिथेच थांबतो. जिंकणारा अर्धाच जिंकतो. पूर्ण जिंकायचं तर त्याचं एक तरी मोहरं जितं ठेवून मात करायची. प्यादं असेल तर त्याला अडवून ठेवायचं, मारायचं नाही. आणि मात प्याद्याने केली तर गावभर नाव.

"एकट्या राज्याले घेरून मारनं, त्यात काय मर्दानगी हाये बाई? कुत्रंबी करते थे. त्याच्यापाशी एक तरी पाह्यजे ना."

विहाराच्या ओट्यावर दोघं लहानपणापासून हेच खेळले. बाबांना सेलूच्या शाळेत नोकरी लागली, तिथे स्पर्धांसाठी साहेबी नियम आले, मुलांना तेच शिकवले, आम्हालाही. घरी देशी डावाचा शब्द कधी काढला नाही.

निघताना काकांनी हात धरला. "तुह्या बापानं मले लय हरवलं. पन बुर्जी कधी नाई केली. एकडावबी नाई. सांगजो त्याले, तुकारामनं याद केली म्हून."

गाडीत बसले आणि मोठ्याने हसले. शेजारची बाई सरकून बसली. बाबा काहीच विसरलेले नाहीत! दहा सेकंद उरले की ते रोहण्याचा डाव खेळतात, एवढंच. आणि त्यांच्या वह्या शिकलेला ठेंगूही.

पुलगावच्या स्टँडवरूनच दादाला फोन. सगळं एका दमात सांगितलं. तो मधेमधे हं हं करत होता. मला वाटलं, पटलं.

मग म्हणाला, "ज्योती, म्हणजे घाई झाली की साठ वर्षांत शिकलेलं आणि शिकवलेलं सगळं पुसलं जातं आणि फक्त लहानपणचं उरतं. डॉक्टरने मला जे लक्षण सांगितलंय ते अगदी हेच आहे. आणि तू ही आनंदाची बातमी म्हणून सांगतेयस?"

वर्ध्याची गाडी लागली होती. मी ती जाऊ दिली.

१६ डिसेंबर

दिवसभर दादाचं वाक्य.

खरं खरं लिहायचं तर, मागच्या महिन्यात बाबांनी मला दोनदा 'सीते' म्हणून हाक मारली. सीताआत्या, त्यांची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. मी दादाला सांगितलं नाही. इथेही आजच लिहिते आहे.

पण मग वाणसामानाची यादी तोंडपाठ सांगतात. पाण्याच्या मोटारचा फ्यूज स्वतः बदलतात. दूध उतू जातं, ते माझंही जातं.

ठेंगूला विचारता येतं, तू हे का केलंस. तो आकडे काढून देतो, कुठल्या पानावरून कुठली चाल आली. बाबांना विचारलं की चहा मांडायला सांगतात.

१८ डिसेंबर

आज ठेंगू दुरुस्त केला. पहिल्या वहीतले चाळीस 'अर्धा' बदलून 'पूर्ण' केले, पुन्हा शिकायला लावला, आंघोळ करून येईपर्यंत तयार. नऊ सेकंद, शेवटचं प्यादं, खटकन मारलं. सहा सेकंद, मारलं. चारमध्येही मारलं.

आनंद व्हायला हवा होता. कोणाचा तरी हात मुरगळून सही घेतल्यासारखं वाटलं. जुना ठेंगू पुसवला नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

दादाशी पुन्हा फोन. भांडलो. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. मी आलो की माझ्याशी एक डाव खेळू दे. दहा मिनिटं, घड्याळ लावून. घाईतही त्यांनी माझं शेवटचं प्यादं मारलं, तर मी पुण्याचा विषय काढणार नाही. शब्द."

एका प्याद्यावर बापाचं घर. असा कसा माझा भाऊ? पण 'हो' मीच म्हटलं. दुसरं काय होतं हातात?

२१ डिसेंबर

कॉलेजला नाताळ धरून रजा टाकली, सेलूला मुक्काम हलवला. बाबांना सगळं सांगितलं, दादा, पुणे, केंद्र, डाव. लपवाछपवी नको. शांतपणे ऐकलं.

"घर?" एवढंच विचारलं.

बंद करायचं म्हणतो, म्हटलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. आईची तुळस, पपईचं झाड, दोरीवर माझा ओला टॉवेल.

मग तालीम. मी समोर बसते, मुद्दाम शेवटाला नेते, घड्याळ दहा सेकंदांवर आणते. पाच डाव. दोनदा मारलं, तीनदा सोडलं. मी शिकवायचं आणि त्यांनी शिकायचं, हे उलटंच. मला ओरडायला होतं, मग लाज वाटते.

२३ डिसेंबर

समजावून पाहिलं. साहेबी नियमात समोर एकटा राजा राहिला की आपण हरूच शकत नाही. आपली वेळ संपली तरी नाही. नुसत्या राजाने कोणी जिंकत नसतं, फार तर बरोबरी. "म्हणजे बाबा, वेळ कमी असली तर शेवटचं प्यादं आधी मारायचं. प्रोग्रामसुद्धा तेच करतात. मारलं की कमीत कमी अर्धा खिशात."

"अर्धाच," बाबा म्हणाले.

हे मला सुचलंच नव्हतं. तिथे बुर्जी म्हणजे अर्धा, इथेही वेळ संपली तर अर्धाच. साठ वर्षांनी फिरून तिथेच. मी हसले, तेही हसले, डाव्या बाजूने.

आज पाचात तीन.

२६ डिसेंबर

पाचात चार. पण मारताना हात प्याद्यावर जाऊन थांबतो. क्षणभरच. घड्याळात दोन सेकंद जातात.

"काऊन थांबता बाबा?"

शब्द शोधला. मी मधे बोलले नाही. सापडला.

"लाज वाट्टे."

म्हणजे कळतंय त्यांना. पूर्ण कळतंय! विसरलेला माणूस कशाला लाजेल? दादाला लगेच फोन करणार होते. नाही केला. तो म्हणेल, लाज कुठल्या नियमाची वाटते ते विचार.

२८ डिसेंबर

दादा दुपारी आला. बाबांच्या पाया पडला, घरभर फिरला, गॅसची नळी तपासली. बॅग ओसरीवरच ठेवली.

चार वाजता अंगणात पट मांडला. टॅब नाही, लाकडी पट, मोबाइलचं घड्याळ. दादाचे काळे. हाही बाबांकडूनच शिकलेला, वीसेक वर्षांत खेळलेला नाही. चाळिसाव्या चालीपर्यंत सगळं गमावून बसला. राजा आणि एक प्यादं. बाबांकडे राजा आणि हत्ती. प्यादं हत्तीच्या समोर, मोकळं. बाबांच्या घड्याळात अकरा सेकंद.

माझ्या मनात एकच, मारा, मारा, मारा.

बाबांचा हात उठला. हत्ती उचलला. प्याद्यावर नेला. थांबला. मान वर करून दादाकडे पाहिलं. दादा पटाकडे बघत होता, नख चावत, शाळेत चावायचा तसं. बाबांनी हत्ती मागे घेतला आणि प्याद्याच्या वाटेत नेऊन ठेवला. अडवलं. मारलं नाही.

दादाने राजा हलवला. बाबांनी राजा हलवला. दादाने हलवला. घड्याळ वाजलं, बाबांची वेळ संपली.

मला किंचाळावंसं वाटलं. आठ दिवस, चाळीस डाव, पाचात चार!

दादाचा आवाज बदललेला. "बाबा, का नाही मारलं? कळत नव्हतं का?"

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सावकाश, एकेक शब्द, पण अख्खं वाक्य. जूनपासूनचं सगळ्यात लांब वाक्य.

"तुह्यापाशी एकच होतं ना रे."

दादा उठून पपईच्या झाडाकडे गेला. पाठ आमच्याकडे. मी पट तसाच ठेवला.

२९ डिसेंबर

सकाळी उठले तर अंगणात दोघंही. दादाने स्वतः पट मांडलेला. घड्याळ नव्हतं. चहा देताना दादा हळूच म्हणाला, "शिकवा म्हटलं त्यांना, देशी डाव." डोळे सुजलेले त्याचे. मी उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. इतकं हलकं वाटत होतं की गुणगुणत होते.

पहिल्या चालीलाही प्यादी एकेकच घर. बाबा बोटाने दाखवत होते. दादा चुकला की टिचकी. तिकिटाचं मी विचारलं नाही. उद्या सकाळचं आहे, दोघांचं.

दादा एका चालीवर अडला. कपाळाला हात लावून बसला. बाबा वाट पाहत राहिले, मग खुशीत, खणखणीत, अजिबात न अडखळता म्हणाले,

"खेळ ना, तुकाराम."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दादाने वर पाहिलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. काल बाबांनी ते 'एकच होतं ना रे' कोणाला म्हटलं होतं? दादाला? की रोहण्याच्या ओट्यावर बसलेल्या कोणाला? दादाच्या तोंडावर तोच प्रश्न मला स्पष्ट दिसत होता, आणि त्याला माझ्या.

बाबा हसत होते, डाव्या बाजूने, पूर्ण.

दादाने मान खाली घातली. बावीस वर्षं पुण्यात राहून जी बोली त्याने कधी तोंडाला लागू दिली नाही, तीत म्हणाला,

"खेळतो ना बाप्पा. थांब जरासक. घाई काऊन करून राह्यला?"

आणि त्याने प्यादं एक घर पुढे सरकवलं.